‘बरं दिसत नाही’ एवढ्यावर भागत नाही

डिझायनर मंडळींमध्ये एक वाद दर काही दिवसांनी पेटतो. कुणी नवखा डिझायनर सांगतो, की क्लायंटने महिनाभर चेंजेस करून घेतले, शेवटी पहिलंच डिझाइन फायनल केलं आणि पैसे मात्र घासाघीस करून निम्मे दिले. लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘स्वतःची किंमत ओळख, दर दुप्पट कर, नाही म्हणायला शिक.’ दुसरा म्हणतो, ‘आधी काम शीक, किंमत बाजार ठरवतो, काम चांगलं असेल तर ते आपोआप बोलतं.’ दोन्हीकडचे लोक कळकळीने बोलतात आणि दोघांच्याही गाठीशी अनुभव असतो. तरीही हा वाद चुकीच्या जागी चालला आहे असं मला वाटतं, कारण दोघांनीही न बोलता एक गोष्ट धरून चालली आहे: आत्मविश्वास ही मनात असलेली किंवा नसलेली भावना आहे, आणि किंमत ठरायची आहे ती माणसाची. मला हे दोन्ही मान्य नाही. आपण घेतलेल्या निर्णयाचं कारण स्वतःच्या आवडीचा आधार न घेता सांगता येणं, याला मी डिझायनरचा आत्मविश्वास म्हणते. आणि किंमत असते ती त्या निर्णयामुळे पुढे जे घडतं किंवा टळतं त्याची. या दोन्ही गोष्टी शिकता येतात, तपासता येतात, आणि त्यासाठी स्वभावाने धीट असावं लागत नाही.

‘स्वतःची किंमत ओळख’ या सल्ल्यातच घोटाळा आहे. दर, मोल, लायकी आणि पत हे चार वेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि या वादात ते एकमेकांत कालवले जातात. दर म्हणजे कोटेशनमध्ये लिहायचा आकडा. मोल कळतं ते काम वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर. पत आपली आपल्याला देता येत नाही, ती लोकांच्या मनात हळूहळू साचते. आणि लायकी हा शब्द तर माणसाला लावूच नये. पण होतं काय, की क्लायंटने दर कमी करायला सांगितला की डिझायनरला ऐकू येतं, ‘तुझी लायकी नाही.’ मग तो एक तर मुकाट्याने मान तुकवतो किंवा चिडून उठतो. आकड्याबद्दलचं बोलणं आकड्याबद्दलच राहिलं असतं, तर दोन्ही टळलं असतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. एका संस्थेची माहितीपुस्तिका होती, सगळा मजकूर मराठी. पानं वाढू नयेत म्हणून मला सांगण्यात आलं, ओळी जवळ घ्या. हे बिघडणार हे मला स्क्रीनवर दिसत होतं. मी म्हणाले, ‘बरं दिसत नाही.’ समोरचे म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला तर बरं दिसतंय.’ विषय संपला. दोन आवडी समोरासमोर आल्या आणि पैसे देणाऱ्याची आवड जिंकली. तिने का जिंकू नये? देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरवलेलं ओळींमधलं अंतर या लिपीला पुरत नाही. छापून आलेल्या पानावर वरच्या ओळीतल्या ‘पूर्ण’चा दीर्घ उकार बरोबर खालच्या ओळीतल्या ‘मुलांची’वरच्या अनुस्वारावर येऊन बसला होता. ‘मुलांची माहिती भरा’ हे ‘मुलाची माहिती भरा’ असं वाचलं जात होतं. मग फोन सुरू झाले: दोन मुलं असतील तर माहिती एकाचीच द्यायची का?

हे सगळं मला आधी माहीत होतं. पण ते हाताला माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं. ‘वरचा उकार खालच्या अनुस्वाराला झाकतोय, एकवचन आणि अनेकवचन यातला फरक पुसला जातोय,’ एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर प्रश्न आवडीचा राहिलाच नसता. त्या वेळी मला कुणी ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? तेच ‘बरं दिसत नाही’ जरा मोठ्या आवाजात म्हणाले असते.

किंमत ठणकावून सांगण्याच्या बाजूने दोन दाखले हमखास दिले जातात, आणि दोन्ही अर्धवट सांगितले जातात. पहिला चित्रकार व्हिसलरचा. 1877 साली समीक्षक जॉन रस्किनने त्याच्या एका रात्रीच्या दृश्यावर लिहिलं, की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकण्याचे हा माणूस 200 गिनी (तेव्हाचं इंग्रजी चलन) मागतो. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1878 मध्ये लंडनच्या न्यायालयात त्याला विचारण्यात आलं, की दोन दिवसांच्या कामाचे 200 गिनी? तो म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे. उत्तर बाणेदार आहे आणि खरंही आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. व्हिसलर खटला जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खटल्याचा आपल्या बाजूचा खर्च त्याच्या अंगावर पडला आणि 1879 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. स्वतःचं मोल त्याला पुरेपूर माहीत होतं. ते समोरच्याला पटवून द्यायचं काम मात्र राहून गेलं होतं, आणि ते एका बाणेदार वाक्याने होत नाही.

दुसरा दाखला अमेरिकन ग्राफिक डिझायनर पॉल रँडचा. 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्जला ‘नेक्स्ट’ (NeXT) या आपल्या नव्या कंपनीसाठी बोधचिन्ह हवं होतं. तीन-चार पर्याय दाखवाल का, असं त्याने विचारलं. रँडने नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही मला पैसे द्याल. उत्तर वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पर्याय हवे असतील तर दुसरीकडे जा. मानधन 1 लाख डॉलर. हा प्रसंग ऐकून कितीतरी तरुण डिझायनरांनी आपल्या क्लायंटला ‘मी एकच पर्याय देतो’ असं सांगून पाहिलं असेल. पण रँड तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता आणि आयबीएमचं बोधचिन्ह करून त्याला 30 वर्षं झाली होती. शिवाय त्याने जॉब्जच्या हातात नुसतं चिन्ह ठेवलं नाही, एक पुस्तिका ठेवली. चौकोनी ठोकळा कशासाठी, तो तिरका का, चार अक्षरांपैकी फक्त ‘ई’ लहान का, हे त्यात पायरीपायरीने मांडलेलं होतं. जॉब्जने एकाच पर्यायावर समाधान मानलं यामागे रँडचा ताठा किती आणि ती पुस्तिका किती? मला वाटतं पुस्तिकेशिवाय तो ताठा टिकला नसता. आपण मात्र ताठा तेवढा उचलला आणि पुस्तिका तिथेच ठेवून आलो.

इथे मला विरोधातला सगळ्यात सबळ मुद्दा मान्य केला पाहिजे. कारणं सांगता येतात, पुरावे हातात आहेत, तरीही छातीत धडधड होते, ‘आज आपलं बिंग फुटणार’ असं वाटत राहतं, अशी माणसं थोडी नाहीत. 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच नोंदवलं होतं. त्यांनी पाहिलेल्या दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांकडे पदव्या होत्या, मानसन्मान होते, आणि तरीही आपण इथे चुकून पोचलो आहोत असं त्यांना वाटत होतं. मग नुसत्या कारणांनी काय साधणार? प्रश्न रास्त आहे. कारणांनी धडधड थांबत नाही, माझीही थांबलेली नाही. पण धडधड थांबेपर्यंत बोलायचं नाही, ही अट घातली कुणी? शंका मनात ठेवूनही ओळींमधलं अंतर किती हवं हे सांगता येतं. उलट ‘आधी आत्मविश्वास मिळव, मग बोल’ म्हणणारेच नवख्या माणसाला अशा दारात उभं करतात, जे आतून उघडायचं असतं आणि तो तर बाहेर आहे. आपल्या कामाबद्दल थोडी शंका असणं डिझायनरला लागतंच. ज्याला शंकाच येत नाही तो आपलं काम दुसऱ्या कुणाकडून वापरून कशाला बघेल?

आता दुसरा तट. काम आपोआप बोलतं? हॅरी बेकचं काम आपोआप बोललं नव्हतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत कामाला असलेल्या या आरेखकाने 1931 मध्ये स्वतःच्या वेळात एक नकाशा काढला. त्यात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत तिरक्या, स्थानकं साधारण सारख्या अंतरावर, आणि खऱ्या भूगोलाला रजा. जमिनीखालच्या प्रवाशाला आपण कुठल्या रस्त्याखालून चाललोय याच्याशी देणंघेणं नसतं, गाडी कुठे बदलायची एवढंच त्याला हवं असतं, हे त्यामागचं कारण होतं. प्रसिद्धी विभागाने नकाशा परत पाठवला. बेकने तो पुन्हा नेला. 1933 मध्ये खिशात मावेल अशा आकारात तो छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगभरच्या कितीतरी मेट्रोंचे नकाशे त्याच वळणाचे असतात. तो दुसऱ्यांदा गेला नसता तर? काम तेच, तितकंच चांगलं, खणात पडून राहिलं असतं.

पण बेकची गोष्ट पहिल्या तटालाही सोडत नाही. 1960 मध्ये नवा नकाशा निघाला तो दुसऱ्याच्या नावाने, आणि आपला नकाशा परत मिळावा म्हणून बेक पुढची कित्येक वर्षं झगडत राहिला, पदरी काही पडलं नाही. मला ही गोष्ट वाचताना फार वाईट वाटतं. कामावर जीव लावू नये असं मी म्हणणार नाही. जीव न लावता असा नकाशा होतच नाही. तरीही स्वतःचं मोल आणि त्या कागदाचं मोल एकच होऊन बसलं, की कागद गेल्यावर माणसाकडे काय उरतं? आणि त्याहून साधा प्रश्न: हक्क कुणाकडे, बदल कुणी करायचे, नाव कुठे येणार, हे सुरुवातीलाच पक्क्या शब्दांत कागदावर आलं असतं तर?

बाजार किंमत ठरवतो, हा युक्तिवाद मी खोटा म्हणत नाही. प्रश्न आहे बाजार मोजतो काय. 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ‘नायकी’चं आज सगळ्यांना माहीत असलेलं चिन्ह काढलं. तासाला 2 डॉलर, साडेसतरा तास, झाले 35 डॉलर. पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर देऊन भरपाई केली. हा दाखला देऊन ‘बघा, स्वतःची किंमत ओळखली नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा ती कंपनी जेमतेम उभी राहत होती. चिन्हाचं पुढे काय होणार हे ना तिला माहीत होतं ना मालकाला. चूक होती ती मापात. तास मोजले की जो डिझायनर लवकर आणि नेमकं काम करतो त्यालाच दंड बसतो. हेच माप दुसऱ्या रूपात ‘नासा’मध्येही दिसलं. 1975 च्या सुमारास तिथे नवं बोधचिन्ह दाखवलं गेलं, त्यातल्या ‘ए’ या अक्षरांना मधली आडवी रेघ नव्हती. त्या रेघेची उणीव संस्थेच्या प्रमुखांना खटकली, आणि का खटकली या प्रश्नावर बऱ्याच वेळाने त्यांचं उत्तर आलं, की आपल्याला पैशाचा पुरा मोबदला मिळत नाहीये असं वाटतं. हा प्रसंग त्या डिझायनरांपैकी एकानेच लिहून ठेवला आहे. रेघ कमी म्हणून मोबदला कमी! अशी तक्रार क्लायंट करतो यात नवल नाही. कोटेशनमध्ये ‘लोगो एक, पर्याय तीन, पानं सोळा’ असं लिहून आपणच त्याला रेघा मोजायला शिकवलेलं असतं.

मोल कसं मोजायचं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात लख्ख उदाहरण एका मतपत्रिकेचं आहे. नोव्हेंबर 2000, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, फ्लोरिडातली पाम बीच काउंटी. उमेदवार जास्त होते, आणि वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवायची होती. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि छिद्रं पाडायची जागा मध्ये आली. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं होतं, पण त्यांचं छिद्र तिसरं होतं. दुसरं छिद्र होतं उजव्या पानावरच्या ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं. तिथे ब्युकॅनन यांना 3,407 मतं पडली. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी नंतर ताळा करून दाखवलं, की त्यातली 2,000 हून अधिक मतं गोर यांना द्यायची होती आणि चुकून इकडे गेली. गोर यांचे मुख्य प्रतिस्पर्धी बुश फ्लोरिडात जिंकले 537 मतांनी, आणि त्यावरच अध्यक्षपद ठरलं. आता या एका कागदाचं डिझाइन नीट करायला किती तास लागले असते हा प्रश्न विचारून बघा, म्हणजे तासांचं माप किती तोकडं आहे ते दिसेल. आणि या उदाहरणातून माझ्या स्वतःच्या म्हणण्यालाही एक पुरवणी जोडावी लागते. त्या मतपत्रिकेमागेही कारण होतं, सद्हेतूचं कारण होतं. ते पुरलं नाही. दहा मतदारांच्या हातात नमुना देऊन ‘आता मत द्या’ असं म्हणायचं राहिलं होतं. कारण सांगता येणं ही अर्धी तयारी. ते खरं ठरतं का हे दुसऱ्याच्या हाताने पाहून येणं ही उरलेली.

यंत्र आता मिनिटात शंभर लोगो काढून देतं, मग डिझायनरचं मोल उरलं कुठे, असंही हल्ली विचारतात. ज्याचं मोल रेघा काढण्यात होतं त्याचं खरोखरच घटणार, त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. पण शंभरातला कुठला निवडायचा आणि उरलेले नव्याण्णव का नाहीत, हे कुणीतरी सांगावंच लागतं, आणि ते चुकलं तर त्याची जबाबदारीही कुणीतरी घ्यावी लागते. उत्तरासाठी ज्याच्याकडे बोट दाखवता येतं त्याला पैसे मिळतात, हे यंत्राच्या आधीही खरंच होतं.

एक आक्षेप मात्र मला सहजासहजी खोडता येत नाही. कारण सांगणाऱ्याचं कारण ऐकलं जातं का? बैठकीत मी सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांनी माझ्या पुरुष सहकाऱ्याने सांगितल्यावर माना डोलताना मी पाहिल्या आहेत. वय कमी, इंग्रजी कच्चं, ओळखपाळख नाही, अशा माणसाला दुप्पट पुरावे द्यावे लागतात. त्याला ‘कारणं दे’ म्हणणं म्हणजे त्याच्याच पाठीवर आणखी ओझं टाकणं नाही का? आहे, काही अंशी. म्हणूनच एकट्याच्या छातीवर हा भार देणारी भाषा मला नको वाटते. दर एकमेकांपासून लपवायचे आणि मग स्वस्तात काम करणाऱ्याला भित्रा म्हणायचं, हे आपण डिझायनरच करतो. आपण किती घेतो हे नव्या माणसाला सांगायला आपल्याला काय होतं? अर्धे पैसे ॲडव्हान्स, किती फेऱ्यांपर्यंत चेंजेस धरलेत, त्यापुढच्या फेरीचे किती, फुकटात सॅम्पल नाही, काम मध्येच थांबलं तर काय, हे एका कागदावर असलं की नाही म्हणायला धाडस लागत नाही. कागद वाचून दाखवला की झालं. ज्याला आपण आत्मविश्वासाची कमतरता म्हणतो ती पुष्कळदा कागदाची कमतरता असते. तो कागद जुन्या डिझायनरांनी नव्यांच्या हातात ठेवायला हवा, उपदेशाच्या आधी.

माझ्या त्या माहितीपुस्तिकेनंतर मी एक वही घातली. प्रत्येक कामात घेतलेला निर्णय डाव्या पानावर, त्याचं कारण उजव्या पानावर, आणि काम वापरात गेल्यावर काय झालं ते खाली दुसऱ्या शाईने. कितीतरी उजवी पानं सुरुवातीला कोरी होती. त्या कोऱ्या जागांनीच मला सांगितलं, की इथे मी फक्त सवयीने हात चालवला होता. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलामुलींनाही मी कामाचं कौतुक किंवा टीका करण्याआधी एवढंच विचारते, ‘हे इथे का?’ आणि गप्प बसते. पहिल्यांदा बहुतेकजण माफी मागतात आणि बदलायला धावतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी हात न हलवता उत्तर देतं.

गेल्या महिन्यात एका अर्जाच्या नमुन्यावर बैठक होती. समोरच्यांनी विचारलं, ‘ही तारखेची चौकट एवढी मोठी का?’ मी वही उघडली. उजवं पान कोरं होतं. ‘तुमचं बरोबर आहे, याला कारण नाही, लहान करते,’ असं मी म्हणाले आणि तिथेच लहान केली. मग ते म्हणाले, ‘जागा मिळालीच आहे तर सूचनांच्या ओळीही जवळ घेऊ, सगळं एका पानात बसेल.’ मी त्यांना दोन छापील कागद दिले, एक त्यांच्या अंतराचा, एक माझ्या अंतराचा, आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. पहिल्या कागदावर ते ‘मुला’पाशी अडखळले. अर्ज दोन पानांचाच राहिला. बिल ठरलेल्या आकड्याचं गेलं, आणि त्या आकड्यावर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.